कंदी पेंढा

आमचा भाचा सांगलीचा. इंजिनिअर झाला, पुण्यात तीन वर्षं संगणकासमोर बसला, मग कंटाळून विश्रामबागला परत आला आणि आता धंदा करतोय. धंदा म्हणजे एक पुठ्ठ्याचा डबा. आत साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीची हळद, बेदाणे आणि भडंगाचं पाकीट. दोन जिल्हे एका डब्यात. मी म्हटलं, यात नवल काय, १९६० पर्यंत तुमच्या जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं. त्यावर चिरंजीव म्हणाले, "मामा, इतिहास राहू द्या. आधी फॉन्ट सांगा."

पेढे कुठल्या दुकानातले, हळद यंदाची की गेल्या सालची, भडंग किती दिवस कुरकुरीत राहतो, यातलं काही विचारायचं नव्हतं. ते सगळं म्हणे ठरलंय. अडलंय ते फॉन्टवर. इन्स्टाग्रामवर पान उघडायचंय, डब्यावर स्टिकर लावायचाय, आणि अक्षर कसं पाहिजे, तर "ब्रशमध्ये, रांगडं, बघणाऱ्याला कळलं पाहिजे की हे आपल्याकडचं हाय."

व्हॉट्सॲपवर चौतीस नमुने आले. मी चष्मा पुसून पाहिले. चौतीसच्या चौतीस फॉन्ट लढाईवर निघालेले. प्रत्येक कान्याला भाल्याचं टोक, प्रत्येक वेलांटीला तलवारीचा बाक, आणि चहूकडे उडालेले शिंतोडे. पेढ्याला एवढं रक्त कशाला, हे मला समजलं नाही. पण दोष एकट्या भाच्याचा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक अलिखित ठराव झालेला आहे की मराठी म्हणजे ब्रश आणि ब्रश म्हणजे मर्दानी. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पाच मिनिटं उभं राहा. बैलगाडा शर्यतीचा फ्लेक्स ब्रशमध्ये. ठीक आहे, तिथे धूळ उडते, शिंतोडे शोभतात. शेजारी दातांच्या दवाखान्याचं उद्‌घाटन, तेही त्याच ब्रशमध्ये. पेशंटनं खुर्चीत बसायचं की ढाल घेऊन उभं राहायचं? त्याच्या खाली कुणाच्या तरी आजोबांना भावपूर्ण श्रद्धांजली, आणि 'भावपूर्ण'चा भ असा झेप घेतलेला की आजोबा गेले नसून चाल करून गेलेत. मागे एका फ्लेक्सवर मोफत नेत्रतपासणी शिबिर होतं. तारीख, वेळ, पत्ता, सगळं ब्रशमध्ये. ज्याला ते वाचता आलं त्याला शिबिराची गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती तो वाचायला जवळ गेला आणि दुभाजकाला अडखळला.

भाच्याला म्हटलं, तू शनिवारी साताऱ्याला ये, लॅपटॉप घेऊन ये, समोरासमोर बघू.

आला. बसल्या बसल्या मी त्याला एक साधं काम दिलं. 'सातारा' हा शब्द त्याच्या सगळ्यात लाडक्या ब्रश फॉन्टमध्ये मोठ्ठा करून दाखव. दाखवला. छान दिसत होता. "आता तिन्ही काने नीट बघ."

बघितले. पहिल्या कान्याच्या पायाशी ब्रशचे केस फाकून तीन रेघा उमटलेल्या, उजवीकडे एक थेंब उडालेला. दुसऱ्या कान्याच्या पायाशी तीन रेघा, उजवीकडे एक थेंब. तिसऱ्याच्याही. तीन जुळी भावंडं एकाच ठेचेनं लंगडणारी. "आयला," भाचा म्हणाला. एकदा दिसलं की मग ते दिसतच राहतं. उत्साहात मारलेला फटकारा तीनदा तंतोतंत तसाच उमटला की तो फटकारा राहत नाही, रबरी शिक्का होतो. चांगल्या फॉन्टात याची सोय केलेली असते. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आत भरून ठेवतात आणि ती आलटून पालटून येतात. पण ती सोय करायला कष्ट पडतात, आणि फुकटात फिरणाऱ्या फॉन्टांमध्ये कष्ट सोडून सगळं असतं.

मी लहान असताना यादोगोपाळ पेठेत एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळेतून येताना मी तासतासभर उभा राहून बघायचो आणि घरी बोलणी खायचो. सुतळीला खडू चोळून ती ताणून धरायची, मधोमध उचलून सोडली की फळीवर सरळ पांढरी रेघ. ती शिरोरेघ. मग चपटा ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळायचा. 'सातारा'तला पहिला काना भरदार उतरायचा. दुसऱ्याला रंग थोडा कमी. तिसऱ्यापर्यंत ब्रश कोरडा पडत यायचा, की तिथे ते मुद्दाम न बुडवता झटक्यात खाली ओढायचे आणि केसांच्या रेघा उमटायच्या. शेवटचाच काना फाटका. कारण शब्द तिथे संपत होता. आमच्या पेंटरांना कुणी कॅलिग्राफर म्हटलं नाही, पण ब्रश कुठे ओला आणि कुठे सुका ठेवायचा हे त्यांच्या मनगटाला माहीत होतं. फॉन्टाला शब्द कुठे संपतो ते ठाऊक नसतं. त्यामुळे तो पहिल्या अक्षरापासूनच दमलेला असतो.

(भाच्यानं इथे जांभई दिली. मग मी इंग्रजी ब्रश फॉन्टांकडे वळलो. त्यांचा सगळ्यांचा आजोबा 'ब्रश स्क्रिप्ट', १९४२ साली अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी रॉबर्ट स्मिथ यांनी काढलेला. तिकडे ते जाहिरातीसाठी अक्षर वळवत होते तेव्हा इकडे ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर 'चले जाव'चा मोर्चा निघाला होता. ज्याचे त्याचे उद्योग. पुढे त्याच 'ब्रश स्क्रिप्ट'मध्ये आपल्याकडे व्हिजिटिंग कार्डं निघाली आणि उसाच्या रसाच्या गाड्यांवर 'कोल्ड ड्रिंक' लिहिलं गेलं. सूड कुणी कुणावर उगवला, सांगता येत नाही.)

इंग्रजी ब्रशचं वळण देवनागरीला जसंच्या तसं चढवलं की काय होतं, हेही भाच्याला दाखवलं. आपल्या अक्षराचं जाड-बारीक बोरूनं ठरवलेलं आहे, आणि देवनागरीचा बोरू छाटतात तो इंग्रजी टाकाच्या उलट बाजूला तिरका. त्यामुळे त्यांच्याकडे जी रेघ बारीक, ती आपल्याकडे जाड. हे न बघता कुणी रोमन अक्षरांचा ब्रश उचलून क, ख, ग काढले की अक्षर मराठी दिसतं पण चालतं कोट घातल्यासारखं. वाचता येतं, फक्त कुठेतरी खुपत राहतं.

एवढं होऊनही त्याला ब्रशच पाहिजे होता. हरकत नाही. मग मी खिशातून चिठ्ठी काढली. गेली दोन वर्षं मी कुणालाही फॉन्ट निवडायला हीच चिठ्ठी देतो. तिच्यावर पाच शब्द आहेत: साताऱ्याचा, कऱ्हाड, सांगली, शिराळा, हळद.

फॉन्ट विकणारे नमुन्याला नेहमी सोपे शब्द ठेवतात. 'जय', 'राजे', 'नमन', 'कमल'. यात कुठलाही फॉन्ट राजबिंडा दिसतो. पोरगी बघायला गेल्यावर पोहेच पुढे येतात, पण संसार पोह्यांवर चालत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांची नावं मात्र अशी खडूस आहेत की भलेभले फॉन्ट पाणी मागतात.

पहिला शब्द, साताऱ्याचा. यातला अर्धा र म्हणजे शिरोरेघेखाली पापणीसारखी आडवी चंद्रकोर. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या बऱ्याच फॉन्टांत ती नसते. मग संगणक काय करतो, तर य च्या डोक्यावर रफार ठेवतो. 'सातार्याचा'. आता हे वाचायचं कसं? 'सूर्याचा' जसा वाचतो तसं. गावच बदललं. लग्नात 'आचाऱ्यांचा सत्कार' छापायला द्या आणि पापणी गळू द्या, जेवण केलेला माणूस बघता बघता आचार्य होतो. कऱ्हाडचं तर नावच पापणीवर उभं. म्हणून कित्येकांनी कंटाळून 'कराड' लिहायला घेतलं. एका चंद्रकोरीसाठी कोण भांडत बसणार?

सांगलीत ल आहे, शिराळ्यात श. मराठी ल म्हणजे दोन पाकळ्या आणि हिंदी ल म्हणजे शेजारी उभा दांडा. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ ला निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा असं सांगितलं. २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा सांगितलं. एकदा सांगून ऐकलं असतं तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं. सरकारी जाहिरातीतच दांड्याचा ल दिसतो, तिथे पेढेवाल्याला कोण बोलणार. पण मी बोलतो. सांगलीचा ल सांगलीसारखाच दिसला पाहिजे, इंदूरसारखा नाही.

आणि हळद. भाच्याच्या लाडक्या फॉन्टमध्ये 'हळद' लिहिलं. ह आला, तलवार उपसून. द आला, भाला रोखून. मधे ळ आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हात बांधून, शिस्तीत. फॉन्टमध्ये ळ नव्हताच. संगणकानं तो 'मंगल'मधून उसना आणला होता. 'मंगल' म्हणजे र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला फॉन्ट, तुमच्याआमच्या संगणकात मराठी दिसायला लागलं त्यात त्याचा मोठा वाटा. बिचारा मंगल. कुणाच्याही लग्नात माणूस कमी पडला की यालाच उभं करतात. ज्या फॉन्टला ळ नाही त्यानं सांगलीच्या हळदीच्या वाटेला जाऊच नये. २०१८ मध्ये या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन 'हलद'ला मिळालेलं नाही.

इथपर्यंत ऐकून भाचा खजील झाला असेल अशी माझी समजूत. तो म्हणाला, "मामा, पण एक सांगायचं राहिलं. स्टिकर छापून आलेत."

"किती?"

"पाचशे."

पिशवीतून त्यानं एक काढला. छापणाऱ्याचं नाव सांगत नाही, पोटावर पाय नको. त्यानं आपल्या परीनं सगळं केलं होतं. भाच्यानं मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवलेला, दुकानातला जुना फॉन्ट वेगळ्या जातीचा. तिथे पहिली वेलांटी एक घर पुढे सरकलेली. अक्षरांना पांढरी किनार दिली तेव्हा ती वेल्ड करून एकमेकांना जोडायची राहिली, त्यामुळे शिरोरेघेला प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर चिरा, जणू शब्द पुलाखालून गेलाय आणि पुलाला तडे. हे सगळं मी एका दमात बघितलं आणि सोडून दिलं. कारण नजर थेट मधल्या ओळीवर गेली होती.

साताऱ्याचे कंदी पेंढे.

शिंतोडा. त्या फॉन्टमध्ये प च्या डाव्या खांद्यावर, शिरोरेघेच्या जरा वर, एक बाणेदार थेंब उडालेला आहे. कलाकाराला तो वीरश्रीचा वाटला असेल. पण देवनागरीत शिरोरेघेच्या वर उडालेला थेंब हा थेंब नसतो, अनुस्वार असतो. रोमन अक्षरांवर कितीही शिंतोडे उडवा, आय आणि जे सोडले तर कुणाचं काही बिघडत नाही. आपल्याकडे डोक्यावर एक टिंब पडलं की पेढ्याचा पेंढा होतो आणि गिऱ्हाईक डबा घेऊन गोठ्यात जातं. खाली 'भडंगाचं पांकीट' होतं. ते तितकंसं बोचलं नाही.

मी विचारलं, छापण्याआधी कुणी वाचलं नाही? तो म्हणाला, वाचलं की, सगळ्यांनी वाचलं, पण सगळ्यांना माहीत होतं ना की आत पेढे हायत. हे मात्र खरं. आपल्या मालाची जाहिरात आपण कधी वाचतच नाही, आठवतो. वाचायचं काम गिऱ्हाइकाचं. त्यामुळे तपासणीला असा माणूस पाहिजे ज्याला डब्यात काय आहे हे ठाऊक नाही, आणि फोन हातभर लांब धरून तीन सेकंदांत काय दिसलं ते त्यानं सांगावं. तीनच. महामार्गावर ताशी ऐंशीनं जाणारा सेकंदाला बावीस मीटर पुढे जातो. तीन सेकंदांत तुमचा फ्लेक्स मागे आणि तो सहासष्ट मीटर पुढे. इन्स्टाग्रामवर तर अंगठा त्याहून जोरात पळतो.

जाहिरातीचं शहाणपण पुण्यामुंबईहून आणावं लागतं असं भाच्याला वाटतं. त्याच्या घरापासून तासाभरावर किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे लोखंडी नांगर केला तर शेतकरी घेईनात, लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, तिथून 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. शंवाकि चित्रकला शिकलेला माणूस. खबर निघाली ती कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी म्हणून, आणि बघता बघता महाराष्ट्र वाचेल असं मासिक झालं. कुंडल रोडच्या त्या उजाड माळावर बसून. तिथे कुणी विचारलं नसेल की नांगर रांगडा दिसायला कुठला फॉन्ट घेऊ. नांगर रांगडाच होता. अक्षरानं फक्त तो काय करतो ते सांगायचं होतं.

आणि अक्षर नटवायचंच असेल तर ते त्या शब्दापुरतं नटवावं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं वर्षानुवर्षं हातानं काढली, २०२० मध्ये गेले. वर्तमानपत्रातली त्यांची नाटकाची जाहिरात बघून तिकीट विनोदी नाटकाचं काढतोय की रडवणाऱ्या नाटकाचं ते कळायचं. पण एका नाटकाचं अक्षर उचलून दुसऱ्याला डकवलं, असं त्यांनी केलं नाही. सुलेखनकार अच्युत पालव मोडीच्या अभ्यासातून घडले, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या ब्रशच्या अक्षराची नक्कल करणारे गल्लोगल्ली आहेत, पण पालव फोन नंबर ब्रशनं लिहीत नाहीत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' ज्या सांगलीत उभं केलं, तिथल्या पोराला एवढं तरी कळावं की प्रत्येक पात्राला गदा देत नाहीत.

शेवटी संध्याकाळी चहाबरोबर आम्ही तोडगा काढला. सगळ्या डब्यावर ब्रश एकाच शब्दाला, तोही फॉन्टातून नाही तर हातानं लिहून घ्यायचा. माणूस कुठून आणायचा, तर पेंटर अजून आहेत, गाड्यांचे नंबर लिहीत बसलेत. कागदावर दहा वेळा लिहून घ्यायचं, बरं वाटेल त्याचा फोटो काढायचा. बाकी सगळ्याला साधा, सरळ, वाचता येणारा फॉन्ट. फुकट पाहिजे आणि चोरीचा नको, तर खुले फॉन्ट आहेत. 'मुक्ता' आहे. गुबगुबीत 'मोदक' आहे, पेढ्याला नात्यानंही जवळचा. मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन' आहे, त्यात ब्रशची मजाही आहे आणि वाचताही येतं. मराठी ल आणि श पाहिजे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' आहे. हे धंद्याला वापरले तरी कुणी नोटीस पाठवत नाही. तरीही आधी ती चिठ्ठी टाइप करून बघायची. भाच्यानं चिठ्ठीचा फोटो काढला आणि वर विचारलं, "मामा, तुमचं अक्षर कुठल्या फॉन्टमध्ये हाय?"

पाचशे स्टिकर माझ्याकडेच पडून आहेत, त्यानं परत नेले नाहीत. कागद चांगला आहे, मागे गोंदही पक्का आहे. कुणाचा गोठा असेल आणि कडब्याबरोबर पेंढ्याचा धंदा असेल तर घेऊन जावेत. 'कंदी' तेवढं खोडावं लागेल.